कडधान्यं उन्हात टिकवायची तर कंपोस्ट कधी, किती आणि कुठं घालायचं

कडधान्याला उन्हाचा खरा फटका बसतो तो फुलोऱ्यात. पानं हिरवीगार दिसतात, झाड ताठ उभं असतं, पण परागकण निकामी होतात आणि फुलं न धरताच गळतात. हरभऱ्यात दुपारचं तापमान ३५ अंशांच्या वर जायला लागलं की घाटे धरणं कमी होतं. मसूर आणि वाटाणा त्याच्याही आधी माघार घेतात. चवळी आणि घेवड्याला तर दिवसापेक्षा रात्र जास्त भोवते. रात्रीचं तापमान २० अंशांच्या बरंच वर रेंगाळलं की कितीतरी वाणांत फुलं नुसती येतात आणि जातात.

अशा वेळी "आता काय फवारू?" असं मला हमखास विचारलं जातं. मी स्पष्ट सांगते, फूलगळ सुरू झाल्यावर हातात फारसं काही उरत नाही. सेंद्रिय खतांचा उपयोग होतो, चांगलाच होतो, पण तो पेरणीच्या आधी मातीत घातलेल्या खताचा. का, ते समजलं की पुढचं सगळं सोपं जातं.

पानातून पाण्याची वाफ होऊन जाते तेव्हा पान थंड होतं. मुळांना ओल मिळत राहिली तर पिकाचा पानोळा भोवतालच्या हवेपेक्षा काही अंश थंड राहू शकतो. ओल तुटली की पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची बारीक छिद्रं, मिटतात आणि तेच पान तापायला लागतं. म्हणजे उन्हाचा ताण आणि पाण्याचा ताण शेतात हातात हात घालूनच येतात. दुसरी गोष्ट मुळांवरच्या गाठींची. या गाठींत राहून हवेतलं नत्र पिकाला बांधून देणारे रायझोबियम जिवाणू साधारण २८ ते ३० अंशांना जोमात असतात. माती ३५ अंशांच्या पुढे तापली की बहुतेकांचं काम मंदावतं, नव्या गाठी धरत नाहीत. आणि या गाठी बहुतांशी वरच्या वीतभर थरातच असतात. त्याच थराच्या डोक्यावर उघडी जमीन भर दुपारी ५० अंशांच्याही पुढे जाते. म्हणून आपल्याला वरचा वीतभर थर ओला, भुसभुशीत आणि थंड ठेवायचा आहे. खत, कोळसा, आच्छादन, सगळं त्यासाठी.

आता खताबद्दल. शेणखत असो, कंपोस्ट असो की गांडूळखत, ते पूर्ण कुजलेलं हवं, आणि यात मी कुणालाच सूट देत नाही. अर्धवट कुजलेल्या खतात काड्या, भुसा शिल्लक असतो. गव्हाच्या काडात नत्राच्या ८० पटीच्या आसपास कर्ब असतो. तो कुजवायला जिवाणूंना नत्र लागतं आणि ते मातीतून ओढून घेतात. कोवळं रोप गाठी धरेपर्यंत पिवळं पडतं ते यामुळे. शिवाय कच्च्या खताबरोबर हुमणी आणि वाळवी येते, आणि उबदार ओल्या मातीत कच्च्या काडीकचऱ्यावर स्क्लेरोशियम बुरशी पोसली जाते. हरभऱ्याची आणि भुईमुगाची रोपं जमिनीलगत कुजून आडवी पडतात ती तिच्यामुळे. कुजलेलं खत ओळखायला मूठभर घ्या, दाबा, हुंगा. मूळ वस्तू ओळखू येता कामा नये, वास पहिल्या पावसाच्या मातीसारखा हवा, अमोनियाचा झणका नको. ओलसर खत पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर आंबूस घाण वास आला तर ढीग अजून चालू आहे. त्याला एक पलटी द्या आणि थांबा.

विकतचं किंवा बाहेरून आणलेलं खत असेल तर आणखी एक परीक्षा मी कधीच टाळत नाही. काही तणनाशकं अशी आहेत, क्लोपायरॅलिड आणि अमिनोपायरॅलिड त्यातली, की ती चाऱ्यातून जनावराच्या पोटात जातात, शेणात उतरतात आणि कंपोस्ट होऊनही टिकतात. गवतवर्गीय पिकाला त्याचं काही वाटत नाही. कडधान्यं मात्र अगदी थोड्या अंशानेही कोलमडतात. म्हणून दोन-तीन कुंड्यांत निम्मं खत आणि निम्मी चांगली माती भरायची, दोन-तीन कुंड्यांत नुसती माती, आणि सगळ्यांत घेवड्याचं किंवा वाटाण्याचं बी लावायचं. तिसरं पान फुटेपर्यंत रोज नजर ठेवायची. खताच्या कुंडीतली नवी पानं वाटीसारखी आत वळलेली, शेंडा पिळवटलेला आणि मातीच्या कुंडीतली रोपं मात्र निरोगी, असं दिसलं तर ते खत कडधान्याच्या रानात न्यायचंच नाही. दोन-तीन आठवडे जातात यात, पण एक हंगाम वाचतो.

प्रमाण हेक्टरी ५ टन कुजलेलं शेणखत, म्हणजे चौरस मीटरला अर्धा किलो. गांडूळखत असेल तर त्याच्या निम्म्याने भागतं. पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी पसरून वरच्या वीतभर थरात मिसळा. खोल गाडू नका. "जास्त घातलं तर जास्त थंडावा" हा हिशेब इथे चालत नाही, कारण मातीत नायट्रेट वाढलं की कडधान्य गाठी धरायचा आळस करतं. पाला माजतो, फुलोरा लांबतो आणि नेमका उन्हाच्या तोंडी सापडतो. माजलेला पाला मातीतली ओलही झपाट्याने उपसतो. कोंबडीखताबद्दल म्हणूनच मी फार सावध असते. त्यात नत्र जास्त, क्षारही जास्त, आणि क्षार उन्हाळी जमिनीत ताण वाढवतात. ते घालायचंच असेल तर आधीच्या तृणधान्याला घाला, कडधान्याला त्याचं उरलंसुरलं मिळू दे.

हलक्या, वाळूसर जमिनीत सेंद्रिय खताचा फायदा सर्वांत ठळक दिसतो, कारण तिथे पाणी धरून ठेवायला दुसरं काहीच नसतं. भारी काळ्या जमिनीत पाणी धरण्यात फार फरक पडत नाही. तिथे फायदा होतो तो जमीन मोकळी होण्याचा, भेगा कमी पडण्याचा आणि मूळ खोल जाण्याचा.

बायोचारबद्दल थोडक्यात. कमी हवेत जाळलेला हा कोळसा हलक्या आणि आम्लधर्मी जमिनीत छान काम करतो. तो बहुधा विम्लधर्मी असतो, म्हणून मुळातच चुनखडीच्या किंवा जास्त सामूच्या (pH) जमिनीत मी त्याची शिफारस करत नाही. कोरडा कोळसा थेट टाकू नका, तो मातीतलं नत्र स्वतःकडे धरून बसतो. कंपोस्टच्या ढिगात मिसळून किंवा शेणस्लरीत भिजवून काही आठवडे मुरवा, मग वापरा. आणि तो मातीत मिसळलेलाच हवा. काळा रंग ऊन शोषतो, त्यामुळे वर पसरलेला कोळसा जमीन उलट तापवतो.

पेरणीच्या दिवशी बियाण्याला रायझोबियम चोळायचं. पाकीट त्याच पिकाचं पाहून घ्या. हरभऱ्याचा जिवाणू सोयाबीनला चालत नाही. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम संवर्धक, थंड केलेल्या गुळाच्या पाण्यात कालवून. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू सगळ्यांत शेवटी. बी सावलीत सुकवायचं आणि त्याच दिवशी वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली असताना, पेरायचं. जिवाणू हा जिवंत माल आहे. गाडीच्या टपावर तापलेलं पाकीट किंवा कोरड्या तापल्या मातीत टाकलेलं बी म्हणजे जिवाणू मेलेच समजा. कुजलेलं खत घातलेल्या ओल्या मातीत ते तग धरतात.

आच्छादनाने फरक सगळ्यांत लवकर दिसतो. रोपं वीतभर झाली, एक खुरपणी झाली आणि जमीन ओली आहे, ही वेळ साधा. कोरड्या जमिनीवर आच्छादन घातलं तर हलका पाऊस वरचं काडच पिऊन टाकतं. हेक्टरी ५ टन काड, म्हणजे दोन ओळींमध्ये दोन-तीन बोटं जाडीचा सैल थर. खोडाभोवती दोन बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर खोडकूज येते. इथे कच्चं काड चालतं, कारण ते मातीत मिसळलेलं नाही; कोळपणी करून ते आत ओढू नका म्हणजे झालं. भुईमुगाला मात्र वेगळा न्याय. त्याच्या आऱ्या, म्हणजे फुलानंतर खाली वाढून टोकाला शेंग धरणारे देठ, जमिनीत शिरायच्या असतात, तेव्हा जाडजूड काड घालायचं नाही. बारीक, पातळ थर, तोही आऱ्या सुटण्याआधी. आणि भुईमुगाची शेंगच मातीत पोसते, म्हणून माती थंड ठेवल्याचं फळ याच पिकात सर्वांत सरळ मिळतं.

साधा माती-तापमापक घ्या आणि दुपारी दोन-अडीचला आच्छादनाखाली आणि उघड्या ओळीत, दोन्हीकडे ५ सेंटिमीटर खोल रोवून बघा. काही अंशांचा फरक स्वतःच्या डोळ्यांनी दिसला की काड गोळा करायचा कंटाळा येत नाही.

समुद्री शेवाळाचा अर्क, ह्युमिक आम्ल, व्हर्मीवॉश (गांडूळखतातून झिरपवलेलं पाणी) यांच्या फवारण्या करायच्या तर कळी दिसायच्या आधी, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. त्यांचा परिणाम सगळीकडे सारखा येत नाही. मातीतलं काम झालेलं असेल तर जोड म्हणून ठीक. फुलोऱ्यात उष्णतेची लाट येणार असं दिसलं तर फवारणीपेक्षा आधी एक हलकं पाणी द्या.

फुलोरा सुरू होताना एक झाड उपटू नका, खुरप्याने ढेकळासकट उचला. ढेकूळ बादलीतल्या पाण्यात बुडवा आणि माती आपोआप सुटू द्या, ओढली तर गाठी मातीतच राहतात. मोठी गाठ नखाने फोडा. आतून लालसर गुलाबी असेल तर ती नत्र बांधतेय. हिरवट किंवा तपकिरी निघाली तर तिचं काम संपलं, पांढरी असेल तर सुरूच झालेलं नाही. मुख्य मुळावर वरच्या बाजूला गुलाबी गाठींचा झुबका दिसला पाहिजे. चार ठिकाणी बघा, एका झाडावरून निष्कर्ष काढू नका.

आणि रानात एक पट्टा सेंद्रिय खत व आच्छादनाशिवाय सोडाच, बाकी बियाणं, जिवाणू, पाणी सगळं तेच. काढणीला दोन्ही पट्ट्यांतली सारख्या जागेतली झाडं वेगळी कापा, शेंगा मोजा, दाणे वेगळे तोला. खताच्या पट्ट्यात झाड मोठं पण शेंगा तेवढ्याच किंवा कमी, असं निघालं तर नत्र जास्त झालंय. पुढच्या वेळी खत निम्मं करा आणि आच्छादन तसंच ठेवा. भुईमूग सोडला तर झाडं मात्र दोन्हीकडे कापूनच काढा, मुळं जमिनीत राहू द्या.