स्वस्त फॅट बाइक घेताना आणि सुधारताना: आधी मापे, मग पैसे

चार इंची टायरांची सायकल मुंबईत आता १२ ते २० हजार रुपयांत नवी मिळते, आणि तिच्याबद्दल फुकटचे सल्ले त्याहून सहज मिळतात. त्यांतला सर्वांत नुकसानकारक सल्ला म्हणजे ‘कोणतीही घ्या, नंतर सगळे बदलता येते’. सगळे बदलता येत नाही. सीट, पॅडल, हँडल, ब्रेक, गिअर हे सारे बदलता येते. पण फ्रेमची मापे तुमच्या हातात नसतात, आणि स्वस्त फॅट बाइक पुढे चांगली होणार की नाही हे त्या मापांवरच ठरते. स्वतःसाठी, भावासाठी आणि इमारतीतल्या मुलांसाठी मिळून मी अशा बऱ्याच सायकली घेतल्या आणि खोलून पुन्हा बांधल्या आहेत, त्यामुळे पुढचे सारे हाताला ग्रीस लागल्यानंतरचे आहे.

निवडताना पुढचा चिमटा साधा, म्हणजे सस्पेन्शन नसलेला घ्यावा. या किमतीत येणारे सस्पेन्शन म्हणजे जड स्प्रिंग भरलेल्या दोन नळ्या असतात. समुद्राच्या हवेत त्या दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत अडकतात, आणि धक्के शोषण्याचे जे काम त्यांनी करायचे, ते कमी हवेचा रुंद टायर त्यांच्यापेक्षा चांगले करतो. वजनाकडेही लक्ष द्यावे. अशी सायकल सहज १८ ते २० किलो भरते, त्यामुळे इमारतीला लिफ्ट नसेल किंवा लिफ्टमध्ये सायकल नेऊ देत नसतील, तर ती दुकानातच खांद्यावर घेऊन एक जिना चढून पाहावी. स्टीलपेक्षा ॲल्युमिनिअमची फ्रेम मुंबईत जास्त टिकते, कारण स्टील आतून गंजत जाते आणि ते बाहेरून दिसत नाही.

आता मापे. पैसे देण्याआधी स्टीलची पट्टी, शक्य असल्यास व्हर्निअर घेऊन दोन मापे घ्यावीत. पहिले माप बॉटम ब्रॅकेटच्या नळकांड्याचे, म्हणजे दोन्ही क्रँकच्या (पॅडल ज्यांच्या टोकाला बसतात त्या दांड्यांच्या) मध्ये फ्रेमला जोडलेल्या आडव्या नळीच्या रुंदीचे. साध्या माउंटन बाइकला ही रुंदी ६८ किंवा ७३ मिमी असते. फॅट बाइकला ती बहुधा १०० मिमी असते, काहींना १२० मिमी. दुसरे माप मागच्या चाकाच्या हबचे, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्याचे, फ्रेमच्या दोन टोकांमधल्या आतल्या अंतराचे. ते साधारण १७० किंवा १९० मिमी यावे. हे आकडे इतके मोठे असण्याचे कारण सरळ आहे. टायर रुंद, त्यामुळे चेन टायरच्या बाहेरून न्यावी लागते, आणि चेन बाहेर न्यायची तर क्रँक आणि हब दोन्ही रुंद करावे लागतात. अमेरिकेतील सर्ली कंपनीने २००५ साली बर्फ आणि वाळूसाठी पग्स्ली नावाची फॅट बाइक बाजारात आणली, तिचे नळकांडेही १०० मिमीचेच होते. या मापांचे सुटे भाग आजही मिळतात. मापे या आकड्यांत बसत नसतील, तर सायकल कितीही देखणी असली तरी ती सोडून द्यावी. दोन्ही क्रँक आणि मधला आस एकाच सळईला वाकवून केलेले दिसले, तरीही सोडून द्यावी.

खोक्यातून आलेली सायकल जोडणे अर्ध्या तासाचे काम आहे, त्यावर लिहिण्यासारखे काही नाही. फक्त हँडलचे आणि चाकांचे नट स्वतः पुन्हा आवळावेत.

खरे काम बॉटम ब्रॅकेटचे, म्हणजे क्रँकचा आस ज्या बेअरिंगवर फिरतो त्या नळकांड्यातल्या भागाचे. स्वस्त सायकलीत ते बहुधा सुट्या छर्ऱ्यांचे असते, आणि मुंबईत ते एका पावसाळ्यात संपते. पावसाचे पाणी सीटच्या नळीतून खाली उतरते आणि फ्रेममधल्या सर्वांत खोलगट जागी, म्हणजे याच नळकांड्यात, साचून राहते. त्यात समुद्रकिनाऱ्यावरची खारट वाळू मिसळली की छर्रे आणि कप, म्हणजे नळकांड्याच्या दोन्ही टोकांना आट्यांनी बसणाऱ्या वाट्या, एकमेकांना खाऊ लागतात. पॅडल मारताना पायाखाली चुरचुर जाणवली, किंवा क्रँक हाताने धरून डावीकडे-उजवीकडे हलवल्यावर तो हलला, की ते बदलायची वेळ झाली असे समजावे. बदलताना बंद काडतुसासारखे, म्हणजे सील केलेल्या बेअरिंगचे बॉटम ब्रॅकेट घालावे. मी तर नवी सायकल आल्यावर पहिल्याच आठवड्यात ते बदलतो. सगळ्या सुधारणांपैकी एकाच गोष्टीला पैसे असतील तर ते इथे घालावेत, यावर माझे मत ठाम आहे.

आधी चेन चकतीवरून उतरवावी, दोन्ही क्रँकचे बोल्ट काढावेत आणि बोल्टामागचा वॉशर आत राहिलेला नाही याची खात्री करावी. मग क्रँक-पुलर, म्हणजे क्रँक ओढून काढणारे हत्यार, क्रँकच्या आट्यांत हाताने पूर्ण, शेवटपर्यंत फिरवावा आणि त्यानंतरच त्याचा मधला बोल्ट आवळावा. पुलर अर्धवट बसवून जोर लावला, तर क्रँकचे आटे सोलून निघतात आणि मग तो क्रँक बहुधा कापूनच काढावा लागतो. हातोडीने ठोकून क्रँक काढणाऱ्या माणसाला सायकल देऊ नये.

पुढची पायरी म्हणजे कप सोडवणे, आणि इथे मी एक अख्खी फ्रेम गमावली आहे. दोन्ही बाजूंचे आटे सारखे नसतात. चेनच्या, म्हणजे उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, त्यामुळे तो कप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटतो. डाव्या बाजूचे आटे नेहमीसारखे, तो कप उलट दिशेने सुटतो. हे लक्षात ठेवण्याची सोपी खूण अशी: सायकल चाकांवर उभी असावी, पाना कपावर सरळ वर उभा धरावा आणि त्याचे वरचे टोक पुढच्या चाकाकडे ढकलावे, दोन्ही बाजूंचे कप याच हालचालीने सुटतात. पॅडलचे याच्या उलट असते, तिथे उभ्या पान्याचे टोक मागच्या चाकाकडे ओढले की पॅडल सुटते. ही खूण मला तेव्हाही माहीत होती. पण गॅलरीत जागा पुरावी म्हणून मी सायकल सीट आणि हँडलवर उलटी ठेवली होती, आणि सायकल उलटी केली की ही खूणही उलटी होते, याकडे माझे लक्ष गेले नाही. उजवा कप हलेना म्हणून मी पान्याला तीन फुटी पाइप लावला आणि सुटतो आहे या समजुतीने त्याला आवळत राहिलो. एकदम तो सैल झाला. बाहेर काढला तेव्हा त्याच्या आट्यांत ॲल्युमिनिअमची चकचकीत, केसांसारखी बारीक तार गुंडाळलेली होती. ते फ्रेमचे आटे होते. त्या नळकांड्यात नंतर कोणताही कप धरला नाही. तेव्हापासून हे काम मी फक्त उभ्या सायकलीवर करतो आणि तुम्हीही तसेच करावे. जागा नसेल तर सायकल खाली अंगणात न्यावी, पण उलटी करू नये.

आदल्या रात्री सायकल आडवी ठेवून दोन्ही कपांच्या कडेला गंज सोडवणारे तेल सोडावे. स्टीलचा कप आणि ॲल्युमिनिअमची फ्रेम खाऱ्या दमट हवेत एकमेकांना चिकटतात, आणि तो चिकटपणा नुसत्या ताकदीने सुटत नाही. पाना कपाच्या दात्यांवरून निसटू नये म्हणून क्रँकचाच बोल्ट आणि एक मोठा वॉशर वापरून पाना आसावर दाबून बसवावा आणि मग हळू जोर द्यावा. आधी डावा कप, मग उजवा.

आता नवीन बॉटम ब्रॅकेट कोणते घ्यायचे? इथे दोन मापे जुळावी लागतात आणि बहुतेक दुकानदार एकच विचारतात. नळकांड्याची रुंदी तुम्ही आधीच मोजली आहे; आता जुन्या आसाची टोकापासून टोकापर्यंतची लांबी मोजावी. माझ्या सध्याच्या सायकलीत १०० मिमीच्या नळकांड्यासाठी १४८ मिमीचा आस आहे. एकदा एका दुकानदाराने ‘दहा-पंधरा मिलिमीटरने काय होते’ म्हणत मला आखूड आसाचे बसवून दिले. क्रँक आत सरकले, हलक्या गिअरमध्ये चेन टायरला घासू लागली, आणि चौथ्या दिवशी टायरच्या उजव्या भिंतीवर रबर जाऊन आतले पांढरे धागे बाहेर आले. आस लांब झाला तर चेन बाहेर जाते आणि पुढचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग, तिथवर पोहोचत नाही. म्हणून लांबी तीच ठेवावी, आणि बसवल्यावर सर्वांत आतल्या गिअरमध्ये चेन आणि टायर यांच्यात निदान ५ मिमी जागा उरते का ते डोळ्यांनी पाहावे.

नळकांडे जुन्या टूथब्रशने आणि रॉकेलने आतून स्वच्छ करावे, वाळू द्यावे आणि आट्यांना सढळ हाताने ग्रीस लावावे. मासेमारीच्या बोटींना वापरतात तसे, पाण्याने न धुपणारे ग्रीस यासाठी उत्तम. काडतूस उजवीकडून आत घालावे आणि पहिले चार-पाच फेरे फक्त बोटांनी द्यावेत. बोटांनी फिरत नसेल तर आटे तिरके बसत आहेत. लगेच मागे घ्यावे आणि पुन्हा सुरुवात करावी. पाना शेवटच्या आवळणीपुरताच. उजवी बाजू पूर्ण बसल्यावर डावा कप लावावा, मग क्रँक.

गिअरसाठी माझा उपाय स्वस्त आहे. पुढच्या तीन चकत्यांपैकी मधली, बहुधा ३४ दातांची, कायम वापरावी आणि पुढचा डिरेलर त्याच्याच स्क्रूंनी तिच्यावर पक्का करून चेन पडू न देण्याच्या कामाला लावावा. मागे १४ ते ३४ दातांचे सात चकत्यांचे फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा गठ्ठा, घालावे. चार इंची टायरचा परीघ सुमारे २.३ मीटर असतो, म्हणजे पुढे आणि मागे ३४-३४ दात असलेल्या सर्वांत हलक्या गिअरमध्ये पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल तेवढीच पुढे जाते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीकडे जाताना शेवटच्या चढाला हे पुरते. शिवाय चेन आतल्या चकतीवर जातच नाही, त्यामुळे टायरला घासण्याचा प्रश्नही राहत नाही.

ब्रेक केबलचे, डिस्कचे असतात. दोन्ही केबल आणि त्यांचे बाहेरचे आवरण पावसाळ्याआधी नवे घालावे, आणि डिस्कला तेलाचा हात कधीही लावू नये.

हवेच्या बाबतीत मात्र कोणावरही विसंबू नये. पंक्चरवाला सवयीने मोटारसायकलच्या अंदाजाने हवा भरतो, पेट्रोल पंपावरचे यंत्रही मोटारींसाठीच असते, आणि या टायरच्या भिंतीवर छापलेली कमाल मर्यादा बहुधा २० ते ३० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) एवढीच असते. स्वतःचा हातपंप आणि ० ते ३० पीएसआयचा छोटा गेज घ्यावा. शंभरपर्यंत आकडे असलेल्या गेजवर ८ आणि १२ मधला फरक कळत नाही, आणि इथे तर त्याच फरकाला महत्त्व आहे. सत्तर किलोच्या माणसाने डांबरी रस्त्यावर १५ ते २०, आरेतल्या मातीच्या वाटेवर १० ते १२, आणि कोरड्या वाळूत ६ ते ८ पीएसआय ठेवावे. डांबरावर यापेक्षा कमी हवा असली तर हँडल आपोआप एका बाजूला ओढते, आणि खड्ड्याच्या कडेवर रिम ट्यूबला चावते.

वाळूवर जायचे तर ओहोटीची वेळ पाहावी. तिथीच्या पाऊणपट वाजता पूर्ण भरती, हा आपल्याकडचा जुना हिशेब मुंबईच्या किनाऱ्यावर बऱ्यापैकी जुळतो: अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी, पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणून ओहोटी पहाटे. त्या दोन दिवसांत उधाण असल्याने पाणीही खूप मागे जाते आणि घट्ट ओल्या वाळूचा रुंद पट्टा उघडा पडतो. मार्वेहून बोटीने सायकल मनोरीला न्यावी आणि गोराईकडे त्या पट्ट्यावरून चालवावी. हब बुडेल इतक्या पाण्यात मात्र शिरू नये.

घरी आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याची बादली आणि फडके घ्यावे. जोराच्या फवाऱ्याने धुऊ नये, त्याने खारे पाणी बेअरिंगमध्ये ढकलले जाते. चेन पुसून, वाळवून तेल लावावे. मग सीटचा दांडा बाहेर काढून सायकल काही मिनिटे उलटी करावी, म्हणजे नळीतून उतरलेले पाणी नळकांड्यात न साचता तिथूनच बाहेर येते. दांड्याला ग्रीस लावून तो परत बसवावा. नवीन बॉटम ब्रॅकेट घातले असेल, तर पहिल्या ५० किलोमीटरनंतर दोन्ही क्रँकचे बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत. सैल क्रँकवर पॅडल मारले की त्याचे चौकोनी भोक गोलसर होते, आणि मग तो कितीही आवळला तरी बसत नाही.