वाळूजच्या पहिल्या नोकरीत धंदा कसा शिकावा

जालना-परभणीकडून पोरं डिप्लोमा करून छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत येतात, शिफ्ट धरतात आणि दोन वर्षांनी म्हणतात, 'इथं शिकायला काहीच मिळालं नाही.' मीही हेच म्हणायचो. शिकायला ढीगभर होतं, मी विचारत नव्हतो.

आधी एक दोनशेपानी वही घ्या. रोज एकच गोष्ट लिहायची: आज पैसा कुठं गेला. समजा, पत्र्याचे नग काढणारी प्रेस मशीन अर्धा तास बंद पडली. तासाला 400 नग निघतात, नगामागे 3 रुपये सुटतात; म्हणजे 600 रुपये बुडाले, आणि मजुरी चालूच. महिनाभर असं लिहिलं की कुठं सुटतं आणि कुठं गळतं ते आपोआप दिसायला लागतं. जेवणाच्या सुट्टीत स्टोअर आणि डिस्पॅचवाल्यांजवळ बसा. माल परत का आला, पार्टीनं, म्हणजे गिऱ्हाईक कंपनीनं, बिल का अडवलं, हे साहेबांच्या आधी त्यांना कळतं.

माणसं सांभाळणं मात्र वहीतून येत नाही. नवा सुपरवायझर असताना नगाच्या कडेला बर, म्हणजे खरबरीत कंगोरा, यायला लागला म्हणून मी एका जुन्या ऑपरेटरला चारचौघांत बोललो, "मामा, नगाला बर येतोय, लक्ष कुठंय?" ते गप्प राहिले. संध्याकाळी टपरीवर म्हणाले, "साहेब, प्रेसचा आवाज बदलला की डायची, म्हणजे नग कापणाऱ्या साच्याची, धार गेली समजायचं. सकाळीच सांगितलं होतं की. तुम्ही फोनवर होता." दुसऱ्या दिवसापासून शिफ्ट लागताना पाच मिनिटं उभ्या उभ्या बोलायचं ठरवलं, आधी ते सांगणार, मग मी. चूक दाखवायची तर बाजूला घेऊन.

इंग्रजीचा बाऊ करू नका. काय झालं, किती नग, कशामुळे, कधी दुरुस्त होणार, एवढ्या चार ओळींचा मेल जमला तरी पुष्कळ काम भागतं.

स्वतःचं काही सुरू करायचं असेल तर दोन पार्ट्यांची ऑर्डर हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका. मालकाची ड्रॉइंग उचलून नेऊ नका. वाळूज मोठं दिसतं, पण गावासारखंच आहे, गोष्ट लपत नाही. उद्योजकता प्रशिक्षण देणाऱ्या महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरातच आहे, तिथं चौकशी करा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटाला पैसे देऊ नका.

जॉबवर्कमध्ये, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं काम करून देण्याच्या धंद्यात, खरी नड उधारीची. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म-लघु उद्योगाचा माल स्वीकारल्यावर पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर 15 दिवसांत. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक छापा आणि मालासोबतच्या डिलिव्हरी चलनावर माल पोचल्याची तारीख-सही घेतल्याशिवाय टेम्पो पार्टीच्या गेटाबाहेर काढू नका.