दीड हजेरी की दोन? जिनिंगमधल्या ओव्हरटाइमचा हिशेब

दिवाळीनंतर हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, अकोट या पट्ट्यातल्या जिनिंग-प्रेसिंग (कापसातली सरकी काढून गाठी बांधणारे कारखाने) सुरू झाल्या की बहुतेक ठिकाणी बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या लागतात. हजेरीपत्रकावर मुकादम दीड हजेरी, म्हणजे दीड दिवसाची मजुरी, लावतो आणि म्हणतो, "बारा तास झाले, दीड हजेरी लावली, आता अजून काय पायजे?" ऐकायला बरोबर वाटतं, पण हिशेब चुकलेला असतो. दीड हजेरी म्हणजे वरच्या तासांनाही साधाच दर. कायदा दुप्पट दर सांगतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता लागू आहेत. ओव्हरटाइमसाठी त्यातल्या दोन कामाच्या: वेतन संहिता, २०१९ आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता, २०२०. दिवसाचे ८ तास, आठवड्याचे ६ दिवस, त्यावरच्या कामाला दुप्पट मजुरी, आणि तेही कामगाराची संमती असेल तर. दुप्पट दर जुन्या कारखाने अधिनियमातही होताच, त्यामुळे "हा नवा कायदा आमच्याकडे अजून आला नाही" हे कारण चालत नाही.

आधी रोजंदारीचा हिशेब. समजा रोज ५०० रुपये. भागिले ८, म्हणजे तासाला ६२.५०. दुप्पट १२५. पाळी सकाळी ८ ते रात्री ८, मध्ये अर्धा तास खरोखरची सुट्टी. काम झालं साडेअकरा तास, त्यातले वरचे साडेतीन. साडेतीन गुणिले १२५ म्हणजे ४३७.५० रुपये. दिवसाचे एकूण ९३७.५०. दीड हजेरीने हातात येतात ७५०. रोज १८७.५० कमी, सहा दिवसांत ११२५, आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर ४८७५. दोन पोती सिमेंट नव्हे, घराच्या पत्र्यांचे पैसे आहेत हे.

सुट्टीचा अर्धा तास वजा करताना एक पाहा. मशीनजवळ उभं राहून, फीडरवर (मशीनला कापूस पुरवणाऱ्या भागावर) डोळा ठेवून भाकर खाल्ली असेल तर ती सुट्टी नव्हे, ते काम आहे. तसंच पाळी बदलताना. जिन फिटर (सरकी काढणारं जिन मशीन सांभाळणारा) रोलर तपासतो, सुरी जुळवतो, पुढच्या फिटरला सांगून मग निघतो; ही पंधरा-वीस मिनिटं हजेरीत कुठेच नसतात. ती धरायची. उलट गेटवर गप्पा मारत थांबलेला वेळ धरू नका. एक खोटी नोंद सापडली की बाकीच्या खऱ्याही पडतात.

"आज कापूस आला नाही, जा घरी" असं तीन तासांनी सांगितलं, तर रोजंदारीवाल्याला साधारणपणे पूर्ण दिवसाची मजुरी लागू होते, कारण काम न मिळण्यात त्याचा दोष नाही.

आता खरी गुंतागुंत. जिनिंगमध्ये "सुपरवायझरला ओव्हरटाइम नसतो" हे वाक्य इतकं चालतं की चांगल्या फिटरला पगारात पाचशे वाढवून सुपरवायझर करायचं आणि त्याचे रात्रीचे तास फुकट घ्यायचे, ही युक्तीच झाली आहे. वर्गवारी हुद्द्यावर ठरत नाही, रोजच्या मुख्य कामावर ठरते. व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या व्याख्येत अंगमेहनतीचं, कुशल, अकुशल, तांत्रिक, कारकुनी असं कोणतंही काम करणारा कामगारच, पगार कितीही असो. म्हणजे वजनकाट्यावर पावत्या फाडणारा दिवाणजी ३० हजार घेत असला तरी कामगार. बाहेर राहतात ते व्यवस्थापन किंवा प्रशासनाचं काम करणारे, आणि देखरेखीचं काम करून महिन्याला १८ हजार रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणारे.

देखरेख म्हणजे काय? स्वतःला, किंवा ज्याचं प्रकरण पाहताय त्याला, हे विचारा: माणूस कामावर घेण्याचा, काढण्याचा अधिकार आहे का? रजा मंजूर करतो की फक्त मालकाकडे चिठ्ठी पाठवतो? कुणाला शिक्षा करू शकतो का? बारा तासांतले किती तास पाना-हातोडी हातात असते? सर्वोच्च न्यायालयाच्या जुन्या निकालांचा सूर असा, की हाताखाली दोन-चार माणसं आहेत, त्यांना काम वाटून देतो, रजेची शिफारस करतो, एवढ्याने कुणी सुपरवायझर होत नाही. आठ जिनवर फिरून अडकलेला रोलर सोडवणारा माणूस कागदावर कोणीही असो, तो फिटर आहे.

मर्यादेतले १८ हजार हे हातात येणारे पैसे नव्हेत, हे फार कमी जणांना माहीत असतं. संहितेच्या व्याख्येत वेतन म्हणजे मूळ पगार, महागाई भत्ता आणि असल्यास प्रतिधारण भत्ता (काम बंद असताना माणूस टिकवून ठेवायला दिलेली रक्कम). घरभाडं, प्रवास भत्ता, बोनस, ओव्हरटाइम त्याबाहेर. मात्र बाहेरच्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर जास्तीचा भाग वेतनात परत येतो. उदाहरण घ्या. सुपरवायझरला महिना २६ हजार. मूळ आणि महागाई मिळून १०,४००, घरभाडं आणि प्रवास १५,६००. निम्मे होतात १३ हजार. जास्तीचे २,६०० वेतनात मिळवले की वेतन १३ हजार. म्हणजे तो खराच सुपरवायझर असला तरी १८ हजारांच्या आत आहे आणि ओव्हरटाइमला पात्र आहे. पीएफ वाचवायला मूळ पगार बारीक ठेवणाऱ्या मालकाला तीच करामत इथे नडते.

त्याचा दर: १३ हजार भागिले २६ दिवस, भागिले ८ तास, म्हणजे ६२.५०, दुप्पट १२५. दिवाणजीने नुसता १०,४०० वर हिशेब केला तर येतात १००. तासाला २५ चा फरक.

वही स्वतःची ठेवा, दहा रुपयांची चालेल. तारीख, आत किती वाजता, बाहेर किती वाजता, सुट्टी किती, कोणतं मशीन, सोबत कोण. रोजच्या रोज लिहा. महिन्याअखेर एका शाईने एका दमात लिहिलेली वही कुणीही ओळखतो. वेतन पावती मागा, ती देणं मालकाचं काम आहे. पावतीत ओव्हरटाइमचे तास आणि रक्कम वेगळ्या ओळीत हवी. उचल याच रकमेतून परस्पर कापून घेतली असेल तर तीही वेगळी दिसली पाहिजे, आणि सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नये.

पैसे अडले तर आधी मालकाला लेखी अर्ज, तारीखवार तक्त्यासह. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती वहीत चिकटवा. ठेकेदाराने हात वर केले तरी जिनिंगमालक सुटत नाही. मजुरीची अंतिम जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणून अर्जाच्या दोन प्रती, दोघांच्या नावे. मग जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात तक्रार. दाव्याला ३ वर्षांची मुदत आहे, आणि थकलेल्या रकमेसोबत तिच्या दहा पटींपर्यंत भरपाई लावण्याचा अधिकार निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याला आहे. मजुरी दिली की नाही, हे सिद्ध करण्याचं ओझंही मालकावर असतं. माथाडी मंडळात नोंद असलेल्या हमालांचे दर आणि वसुली मात्र मंडळामार्फत होते, त्यांनी तिकडेच जावं.

हंगाम उलगला की घाई असते. काम सुटल्यापासून कामाच्या दोन दिवसांत सगळा हिशेब मिळायला हवा. त्या वेळी "पूर्ण रक्कम मिळाली, तक्रार नाही" असा छापील कागद पुढे येतो. ओव्हरटाइम बाकी असेल तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने "ओव्हरटाइमचे इतके तास बाकी" लिहा, खाली तारीख टाका, आणि कागद परत देण्याआधी मोबाइलवर फोटो काढून घ्या.