नांगर न घालता मशीनने पेरताय? आधी बी तोलून घ्या

नांगरट बंद, मागच्या पिकाचा काडीकचरा रानातच आणि पिकांची फेरपालट, संवर्धित शेती म्हणजे एवढंच. पण कमी जमीनवाल्याचं गणित बिघडतं ते पेरणीच्या दिवशी, कारण मशीन भाड्याचं असतं, ड्रायव्हर घाईत असतो आणि बी किती पडतंय हे कोणी बघतच नाही.

म्हणून आधी कॅलिब्रेशन करा, म्हणजे मशीन किती बी पाडतं ते तोलून बघा, अर्धा तास जाईल पण जाऊ द्या. समजा झिरो टिल ड्रिलला (बिननांगरटीच्या पेरणी यंत्राला) ९ फण आहेत आणि दोन फणांत २० सेंमी अंतर, म्हणजे रुंदी १.८ मीटर झाली. ड्रिलचं चाक उचलून धरा, घेर मोजा, समजा १.५ मीटर भरला. प्रत्येक नळीखाली पिशवी बांधा आणि चाक २० वेळा फिरवा, म्हणजे ३० मीटर चालल्यासारखं, क्षेत्र झालं ५४ चौरस मीटर. हेक्टरी १०० किलो गहू पाडायचा असेल तर सगळ्या पिशव्या मिळून ५४० ग्रॅम भरायला पाहिजे, एका पिशवीत साधारण ६०. एखादीत ४०च निघालं तर ती नळी तुंबलीय किंवा तिथली बी सोडणारी चकती झिजलीय, ते आधी बघा. रानात चाक थोडं घसरतं त्यामुळे बी जरा कमीच पडतं, तेवढं धरून चाला.

पेरा वाफशावरच करा, म्हणजे माती ओलसर असावी पण चिकट नको. ओल जास्त असली की फणाने पाडलेली चीर मिटत नाही, बी उघडं राहतं आणि पाखरं टिपतात. दहा पावलं मशीन चाललं की थांबवा आणि हाताने माती उकरा, गहू ४-५ सेंमीवर आणि सोयाबीन ३-४ सेंमीवर सापडायला हवं. बी नुसतं काडावर पडलेलं दिसलं तर खोली वाढवा.

काड लांब आणि मोकळं असेल तर साध्या फणात गुंततं आणि ढीग लागतात. अशा वेळी काड जाळू नका प्लीज, पसरून घ्या किंवा हॅपी सीडर (काडातूनच पेरणारं यंत्र) मिळतंय का बघा. तुकडा लहान असेल आणि मोठा ट्रॅक्टर वळत नसेल तर पॉवर टिलरला (हाताने धरून चालवायच्या छोट्या यंत्राला) जोडायचं पेरणी यंत्रही चालतं.

युरिया बियाण्यात मिसळू नका, कोंब जळतो. आणि संध्याकाळी खताची पेटी रिकामी करून पुसाच, रात्रभर राहिलेलं खत ओल धरून दगड होतं आणि पत्राही गंजतो.