सुमेरचं हजार एकर वावर : ‘हमुराबी’ कसा खेळावा

मोबाईलवरचा खेळ म्हणजे गाड्या पळवणं नाहीतर गोळ्या झाडणं, आणि ते आपलं काम नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी हे लिहितोय. ‘हमुराबी’त चित्र नाही, आवाज नाही, घाई तर अजिबात नाही. पडद्यावर इंग्रजीत चार ओळी येतात, तुम्ही आकडा टाकायचा. प्राचीन सुमेरचा (आजच्या दक्षिण इराकमधला जुना मुलूख) राजा होऊन दहा वर्षं धान्य, जमीन आणि माणसं सांभाळायची. मृगाच्या आधी बियाणं, घरखर्च आणि सालदाराचे पैसे एकाच वहीत बसवणाऱ्याला यातलं अर्धं आधीच येतं.

खेळाचं मूळ १९६४ सालचं. न्यूयॉर्क राज्यातल्या मेबल अॅडिस या शिक्षिकेने सहावीच्या मुलांसाठी ‘सुमेरियन गेम’ रचला. त्यावरून १९६८ मध्ये डग डायमेंट यांनी छोटा खेळ केला आणि डेव्हिड अॅल यांच्या ‘बेसिक’ या संगणकाच्या भाषेतल्या आवृत्तीने तो सगळीकडे पोचवला. खालचे आकडे त्याच आवृत्तीचे आहेत.

आधी कागद-पेन घ्या. सुरुवातीला १०० माणसं, १००० एकर आणि कोठारात २८०० बुशेल धान्य असतं. गव्हाचा बुशेल साधारण २७ किलोचा. माणशी वर्षाला २० बुशेल लागतात, म्हणजे जवळपास साडेपाच क्विंटल! एवढं कोण खातं, असं विचारू नका. पीक एकरी १ ते ५ बुशेल, तेही निव्वळ नशिबावर. आपल्याकडे एवढ्या उताऱ्यावर मळणीवालासुद्धा वावरात यायचा नाही. इथे खत नाही, विहीर नाही, पीककर्जही नाही. शेतीतलं ज्ञान बाजूला ठेवा, हिशेब तेवढा सोबत घ्या.

दरवर्षी खेळ आधी जमीन विचारतो : किती एकर घेणार? शून्य टाकलं तर किती विकणार? मग खायला किती बुशेल, शेवटी किती एकर पेरणार. उत्तरं त्याच क्रमाने द्या, हिशेब मात्र उलटा करा. आधी पोट : १०० माणसांना २००० बुशेल. मग बी, एकरी अर्धा बुशेल : १००० एकरांना ५००. उरले ३००. जमिनीचा भाव दरवर्षी १७ ते २६ बुशेलच्या दरम्यान बदलतो. तो २० असेल तर १५ एकर घेता येतील. एक माणूस दहाच एकर कसतो, त्यामुळे हे १५ एकर यंदा पडीक राहतील. तरी घ्या.

कारण उंदीर. पाचातल्या दोन वर्षांत ते येतात आणि कोठारातलं अर्धं किंवा पाव धान्य फस्त करतात. पण ते खातात पेरणीनंतर शिल्लक पडलेलं, नवं पीक नाही. आणि जमीन तर उंदीर खात नाहीत! म्हणून शिल्लक धान्य कोठारात ठेवण्यापेक्षा एकरांत ठेवलेलं बरं. भाव विशीच्या आत असेल तेव्हा घ्या, तेवीसच्या वर गेला की थोडी विका. पीक एकरी एकच बुशेल आलं, तर भाव कसाही असो, विकावीच लागेल. वावर विकायचं म्हटलं की आपला जीव खालीवर होतो. नवख्या शेतकरी खेळाडूची गाडी नेमकी इथेच अडते : जमीन धरून बसतो आणि माणसं उपाशी मारतो. एका वर्षात ४५ टक्क्यांहून जास्त माणसं भुकेने गेली, तर राजाची तिथेच हकालपट्टी.

गरजेपेक्षा जास्त खाऊ घालून मात्र काही मिळत नाही. नवी माणसं तशीही दरवर्षी येतात, तेव्हा खाणारी तोंडं मोजूनच आकडा टाका. रोगाची साथ साधारण शंभरात पंधरा वेळा येते आणि निम्मी माणसं नेते. त्यावर उपाय नाही. त्या वर्षी पेरा तेवढा कमी करा.

दहा वर्षांनी निकाल दोनच गोष्टींवर लागतो : दरवर्षी सरासरी किती टक्के माणसं उपासमारीने गेली आणि शेवटी माणशी किती एकर उरले. सुरुवात माणशी दहा एकरांनी होते. शेवटी दहाच्या खाली गेलात तर शाबासकी विसरा, सातच्या खाली गेलात तर शिव्या. कोठारातलं धान्य निकालात कुठेच धरत नाहीत. म्हणून दहाव्या वर्षी सगळ्यांना पोटभर द्या, बियाण्याचं धान्यही जमीन विकत घेण्यात घाला आणि पेरणीच्या प्रश्नाला बिनधास्त शून्य लिहा.