बदल केलेल्या जुन्या इंजिनासाठी हेड गॅस्केट कसे निवडावे

हेड गॅस्केट म्हणजे सिलिंडरांचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यातला सांधा बंद करणारा थर. जुनी गाडी मूळ स्थितीत असेल तर ते निवडण्यात डोके लावावे लागत नाही. इंजिनाचा प्रकार सांगितला की योग्य पाकीट मिळते. पण ब्लॉक रिबोअर झाला (सिलिंडर कोरून मोठे केले), हेडला एक-दोनदा फेसिंग झाले (पृष्ठभाग मशीनवर तासून सपाट केला), वेगळी कॅमशाफ्ट किंवा टर्बो बसला, की ते इंजिन कॅटलॉगमधले उरत नाही. मग मापे आपणच घ्यायची आणि गॅस्केट सगळ्यात शेवटी ठरवायचे.

मी एकदा हा क्रम उलटा केला. गॅस्केट आधी आणून ठेवले आणि बोअर (सिलिंडरचा व्यास) नंतर मोठा करून घेतला. इंजिन सुरू झाले, चाललेही. पण चढावर जोर दिला की खडखडायचे आणि ठिणगीचे टायमिंग कितीही मागे घेतले तरी थांबायचे नाही. हेड उघडल्यावर दिसले की गॅस्केटच्या पोलादी कड्याची कड सिलिंडरमध्ये डोकावत होती आणि तापून काळीनिळी पडली होती. अशी कड निखाऱ्यासारखी लाल होते आणि ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटवते.

आधी भोक जुळवा

रिबोअरनंतरचा व्यास बोअर गेजने मोजा. गॅस्केटचे भोक त्याहून साधारण १ मिमी मोठे हवे, म्हणजे चहूबाजूंनी अर्धा मिमी मोकळा. फार मोठे भोकही नको, कारण त्या खाचेत न जळलेले मिश्रण अडकून राहते. मग गॅस्केट नुसते ब्लॉकवर ठेवून पाहू नका, हेडवरही ठेवा. काही हेडमध्ये ज्वलनकक्षाची कड बोअरच्या बाहेर जाते आणि तिथे कडे अधांतरी राहते. दोन सिलिंडरांमधली भिंत रिबोअरमुळे बारीक झाली असेल, तर दोन्ही कड्यांना बसायला पुरेशी सपाट जागा उरली आहे का, ते बघा. गॅस्केट उडते ते बहुधा इथेच.

पाण्याची काही भोके गॅस्केटमध्ये मुद्दाम लहान ठेवलेली असतात. त्यांच्यामुळे पाणी आधी ब्लॉकच्या मागच्या टोकापर्यंत जाते आणि मग वर चढते. ती कोरून मोठी करू नका.

जाडीचा हिशेब

जाडी म्हणजे हेड आवळल्यानंतर उरणारी जाडी. पाकिटातल्या गॅस्केटला कॅलिपर लावून ती कळत नाही, ती उत्पादकाच्या तक्त्यात पाहावी लागते.

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे १८०० सीसी इंजिन उदाहरणाला घेऊ. मूळ बोअर ८०.२६ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८८.९ मिमी. चाळीस थाऊ (इंचाचे हजारावे भाग) मोठे केल्यावर बोअर ८१.२८ मिमी होतो आणि एका सिलिंडरचे आकारमान सुमारे ४६१.३ सीसी. बाकीची मापे समजण्यापुरती धरू: ज्वलनकक्ष ४३ सीसी, सपाट डोक्याचे पिस्टन, वरच्या टोकाला पिस्टन ब्लॉकच्या पातळीखाली ०.५ मिमी, गॅस्केटचे भोक ८२.५ मिमी. ०.८ मिमीचे गॅस्केट घातले तर कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबले जाते) १०.२५ येतो, १.२ मिमीला ९.८७ आणि १.६ मिमीला ९.५२.

इथे मोह होतो. पेट्रोल कमी ऑक्टेनचे आहे, इंजिन नॉक करते (मिश्रण अवेळी पेटून खडखडते), तर जाड गॅस्केट घालून कॉम्प्रेशन उतरवू. कृपा करून हे करू नका. पिस्टनचे डोके आणि हेडचा सपाट भाग यांच्यात जी फट राहते, तिला स्क्विश म्हणतात. पिस्टन वर येताना त्या फटीतले मिश्रण जोरात मध्याकडे ढकलले जाते, ढवळले जाते आणि लवकर जळते. म्हणून नॉकिंग टळते. पोलादी कनेक्टिंग रॉड असलेल्या इंजिनात ही फट १ मिमीच्या आसपास असावी. वरच्या उदाहरणात १.२ मिमीच्या गॅस्केटनेच ती १.७ मिमी होते, आणि जाड गॅस्केटने २.१. म्हणजे कॉम्प्रेशन उतरले तरी नॉकिंग रोखणारी सोयच गेली.

योग्य वाट अशी: ब्लॉक फेस करून पिस्टन बरोबर पातळीला आणा, १ मिमीचे गॅस्केट घाला आणि वाढलेले कॉम्प्रेशन पिस्टनमध्ये साडेतीन सीसीची वाटी ठेवून परत घ्या. हिशेब केला तर रेशो ९.९ येतो, म्हणजे आधीइतकाच. पण फट १.७ ऐवजी १ मिमी. खर्च वाढतो, पण इंजिन निर्धास्त चालते. कक्षाचे आकारमान मात्र अंदाजाने धरू नका. प्लगसह हेड उलटे ठेवा, व्हॉल्व्ह बसवा, कक्षावर भोक असलेली पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी ग्रीस लावून दाबा आणि ब्युरेटने (मापखुणांच्या नळीने) पातळ तेल सोडून मोजा. चारही कक्ष मोजायचे.

एक अपवाद: फोर्डच्या केंट क्रॉसफ्लोसारख्या इंजिनात हेड सपाट असते आणि कक्ष पिस्टनमध्येच असतो. तिथे आकारमान पिस्टनमधूनच मोजावे लागते.

कोणत्या जातीचे?

याचे उत्तर हॉर्सपॉवरपेक्षा पृष्ठभागावर जास्त अवलंबून असते. अनेक थरांच्या पोलादी गॅस्केटमध्ये स्प्रिंगसारखी लवचीकता असते. हेड किंचित उचलले गेले तरी ते पाठोपाठ उठते, म्हणून टर्बोच्या आणि चढ्या कॉम्प्रेशनच्या इंजिनाला तेच बरे. पण त्याला दोन्ही पृष्ठभाग फार गुळगुळीत लागतात, खरखरीतपणा साधारण ०.८ मायक्रॉन किंवा त्याहून कमी. लोक हेड फेसिंगला नेतात आणि ब्लॉक गाडीतच ठेवून कागदाने घासतात. ब्लॉक बाहेर काढून मशीनवर चढवणार नसाल, तर हे गॅस्केट तुमच्यासाठी नाही. पोलादी गाभ्याचे, ग्रॅफाइटचे कंपोझिट गॅस्केट घ्या. ते थोडा खरखरीत पृष्ठभाग सांभाळून घेते आणि रस्त्यावरच्या माफक ट्यूनिंगला पुरते. ॲल्युमिनियमचे हेड लोखंडी ब्लॉकवर तापताना जवळपास दुप्पट प्रसरण पावते. ती सरकासरकही ग्रॅफाइट सोसते.

तांब्याचे गॅस्केट दिसायला देखणे असते, पण त्याला लवचीकता नसते. बसवण्याआधी तापवून मऊ करावे लागते, पाण्याच्या भोकांभोवती सीलंट लागतो आणि टर्बोचा दाब (बूस्ट) जास्त असेल तर ब्लॉकमध्ये खाच पाडून तारेचे कडे बसवावे लागते. वारंवार उघडल्या जाणाऱ्या शर्यतीच्या इंजिनात ते ठीक. रोजच्या गाडीत मी ते घालणार नाही.

जुने गॅस्केट ॲस्बेस्टॉसचे असू शकते. ते कोरडे खरवडू नका, वायर ब्रशही लावू नका. ओले करून काढा आणि पिशवीत बंद करा.

आवळण्याआधी

ज्वलनाचा दाब सत्तर बार धरला, तर वरच्या उदाहरणातल्या एका सिलिंडरमध्ये हेडला वर ढकलणारे बळ सुमारे ३.७ टन होते. ते गॅस्केट अडवत नाही, स्टड आणि बोल्ट अडवतात. ताणलेले जुने स्टड तसेच ठेवून महागडे गॅस्केट घातले, तर पैसे वाया जातात. ब्लॉकमधल्या बंद भोकांत तेल किंवा पाणी साचले असेल तर पुसून काढा, नाहीतर बोल्ट आवळताना ब्लॉक तडकू शकतो.

पातळ गॅस्केट किंवा फेस केलेल्या हेडमुळे व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. पिस्टनवर मऊ माती थापा, जुने गॅस्केट लावून हेड आवळा, हाताने इंजिन दोन फेरे फिरवा, मग माती कापून जाडी मोजा. जुन्या आणि नव्या गॅस्केटच्या जाडीतला फरक हिशेबात धरा. इनटेकला २ मिमी किंवा एक्झॉस्टला २.५ मिमीपेक्षा कमी उरत असेल तर थांबा. कॅम हेडमध्ये असेल तर टायमिंगही सरकते, ते पुन्हा लावून घ्या. कॅम ब्लॉकमध्ये असलेल्या, पुशरॉडच्या इंजिनात पुशरॉडची लांबी तपासा.

बोल्ट मध्यापासून बाहेरच्या दिशेने, किमान तीन टप्प्यांत आवळा. कंपोझिट गॅस्केट दबून बसते. म्हणून उत्पादकाने सांगितले असेल तर इंजिन एकदा पूर्ण तापवून, रात्रभर थंड होऊ देऊन पुन्हा टॉर्क द्या, आणि त्यानंतर टॅपेटचे अंतर (व्हॉल्व्हची फट) परत लावा.