कॉम्प्युटरवरचे पिक्चर टीव्हीवर बघताय? या चुका टाळा

कॉम्प्युटरमधला पिक्चर टीव्हीवर अडकायला लागला की लोक पहिलं काम काय करतात तर मोबाईलवर स्पीड टेस्ट मारतात, मग नेटवाल्याला फोन, मग १०० एमबीपीएसचा (नेटच्या वेगाचं माप) प्लॅन सोडून ३०० चा घ्यायचा, आणि पिक्चर तरीही अडकतोच. अहो ती फाईल तुमच्याच घरात आहे. कॉम्प्युटरमधून राउटरमध्ये आणि तिथून टीव्हीत, एवढाच तिचा प्रवास. जेलीफिन, कोडी (घरातले व्हिडिओ टीव्हीवर दाखवणारे प्रोग्रॅम) किंवा विंडोजचं साधं मीडिया शेअरिंग, बाहेरून येणारी नेटची वायर काढून ठेवली तरी चालतं. पैसे घालवायच्या आधी एवढं तरी समजून घ्या, माझी कळकळीची विनंती आहे.

अडकतं बहुतेक वेळा वायफायमध्ये. लॅपटॉप पण वायफायवर आणि टीव्ही पण वायफायवर असला की तोच डेटा हवेतून दोनदा जातो, एकदा लॅपटॉपकडून राउटरकडे आणि परत राउटरकडून टीव्हीकडे, त्यात २.४ गिगाहर्ट्झ बँड आणि बिल्डिंगमधल्या सगळ्यांचे राउटर त्याच बँडवर. म्हणून कॉम्प्युटर मी कायम वायरनेच जोडतो, कॅट ६ ची नेटवर्क वायर आणायची, भिंतीच्या कडेने क्लिपा मारायच्या, विषय संपला. टीव्हीला ५ गिगाहर्ट्झ द्या. एक गोष्ट मात्र दुकानदार सांगत नाहीत, बऱ्याच टीव्हींचा लॅन पोर्ट (नेटवर्कची वायर लावायचं भोक) फक्त १०० एमबीपीएसचा असतो. साध्या १०८० च्या फाईलला १०-१५ एमबीपीएस पुष्कळ झाले, पण ४के ब्लू-रे डिस्कवरून जशीच्या तशी काढलेली फाईल मधेच १०० च्या वर उडी मारते, तिथे जवळच्या राउटरचं ५ गिगाहर्ट्झ वायफाय त्या पोर्टपेक्षा बरं चालतं.

आता सगळ्यात जास्त दिसणारी चूक, घरात दोन राउटर. नेट घेताना कंपनी एक डबा देते, त्यातच वायफाय असतं, आणि रेंज बेडरूमपर्यंत पोचत नाही म्हणून लोक बाजारातून दुसरा आणून त्यालाच जोडतात. सांगलीला मावशीकडे हेच झालेलं. मावसभावाने घरातल्या लग्नांच्या जुन्या व्हीएचएस कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या होत्या, सगळे नातेवाईक हॉलमध्ये जमलेले, आणि टीव्हीला कॉम्प्युटर दिसेचना. त्याने तोपर्यंत टीव्ही फॅक्टरी रीसेट केलेला, सगळ्या ॲपचे पासवर्ड उडालेले, टीव्हीला लावायची नवीन स्ट्रीमिंग स्टिक पण आणलेली. मला म्हणाला, "दादा, टीव्हीचंच वायफाय गेलंय, बोर्ड बदलायला लागेल." मी म्हटलं, थांब, आधी दोघांचे आयपी (नेटवर्कवरचे पत्ते) दाखव. टीव्हीचा १९२.१६८.१ ने सुरू होणारा, कॉम्प्युटरचा १९२.१६८.० ने. टीव्ही कंपनीच्या डब्यावर, कॉम्प्युटर नव्या राउटरवर, म्हणजे एकाच घरात दोन वेगळी नेटवर्क झाली. डीएलएनए मध्ये (टीव्हीने घरातल्या कॉम्प्युटरवरच्या फाईली शोधायची पद्धत) "मी इथे आहे" अशी जी हाक कॉम्प्युटर नेटवर्कवर देतो ती राउटर ओलांडून पलीकडे जात नाही, मग टीव्हीला ऐकू कशी येणार! नवा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकला, म्हणजे तो नुसतं वायफाय देतो, वेगळं नेटवर्क बनवत नाही, दोन्ही रीस्टार्ट केले आणि आला की कॉम्प्युटर यादीत. मावशीला तिच्या आईचा आवाज बऱ्याच वर्षांनी ऐकायला मिळाला. स्टिकचे पैसे मात्र गेले ते गेलेच. म्हणून सांगतो, टीव्ही रीसेट करण्याआधी आयपी बघा, टिंबांनी वेगळे केलेले पहिले तीन आकडे जुळले पाहिजेत. ॲक्सेस पॉइंट मोड नसेल तर दुसऱ्या राउटरचा आयपी आधी बदला, मग त्यातलं डीएचसीपी (आयपी वाटायचं काम) बंद करा आणि वायर वॅन (बाहेरच्या नेटच्या) पोर्टऐवजी लॅन पोर्टमध्ये घाला. गेस्ट वायफायवर टीव्ही जोडला तरी असंच होतं, तिथे घरातली उपकरणं एकमेकांना दिसूच देत नाहीत.

विंडोजमध्ये नेटवर्क पब्लिक ठेवलेलं असतं, त्यात कॉम्प्युटर इतरांना दिसत नाही, ते प्रायव्हेट करा. यूट्यूबवर "फायरवॉल बंद करा" सांगणारे आहेत, त्यांचं अजिबात ऐकू नका, एका प्रोग्रॅमला परवानगी द्यायला एक मिनिट लागतं आणि तेवढा धीर नसेल तर मीडिया सर्व्हरच्या (टीव्हीला फाईल पुरवणारा प्रोग्रॅम) नादाला लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे ट्रान्सकोडिंग (फाईल टीव्हीला झेपेल अशा प्रकारात बदलणं) न बघता कॉम्प्युटर जुना झाला म्हणणं. टीव्हीला फाईल जशीच्या तशी झेपली तर दहा वर्षं जुना कॉम्प्युटर पण पुरतो, तो नुसती फाईल पाठवत असतो. झेपली नाही तर सर्व्हर ती चालू असतानाच नव्याने बनवून पाठवतो आणि पंखे ओरडायला लागतात. जेलीफिनच्या डॅशबोर्डवर कारणासकट दिसतं हो सगळं, पण उघडून बघतंय कोण! सॅमसंगने २०१८ च्या मॉडेलपासून डीटीएस ऑडिओचा (आवाजाचा एक प्रकार) सपोर्ट काढला, अशा फाईलला फक्त आवाज बदलावा लागतो, ते हलकं काम आहे. जड पडतात ती ब्लू-रेची सबटायटल्स, ती अक्षरं नसून चित्रं असतात, टीव्हीला दाखवता आली नाहीत की सर्व्हर ती व्हिडिओवर चिकटवतो आणि त्यासाठी अख्खा व्हिडिओ नव्याने बनवावा लागतो. मी सरळ एसआरटी फाईल (साध्या अक्षरांतली सबटायटल्स) वेगळी ठेवतो. मराठी असेल तर यूटीएफ-८ मध्येच (अक्षरं साठवायची पद्धत) सेव्ह करा, एकदा एएनएसआय या जुन्या पद्धतीत गेली की सगळी प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत येत नाहीत. ट्रान्सकोडिंग टळतच नसेल तर हार्डवेअर ॲक्सेलरेशन (हे काम ग्राफिक्स चिपकडे देणं) चालू करा, इंटेलच्या सातव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधलं आतलं ग्राफिक्स १० बिट एचईव्हीसी (४के पिक्चरमध्ये वापरतात तो व्हिडिओचा प्रकार) नीट उलगडतं.

टीव्हीतल्या ॲपमध्ये क्वालिटी ऑटो नको, ओरिजिनल किंवा सगळ्यात वरची ठेवा, नाहीतर विनाकारण ट्रान्सकोड होतं.

कॉम्प्युटर स्लीपला जातो आणि लोक म्हणतात सर्व्हर गेला. स्लीप बंद करा.

राउटरमध्ये कॉम्प्युटरचा आयपी राखून ठेवा, नाहीतर लाईट जाऊन आली की बदलू शकतो आणि टीव्हीतला जुना पत्ता चालत नाही.

आणि बाहेरगावाहून बघायचंय म्हणून जेलीफिनचा ८०९६ पोर्ट (त्यात शिरायचं दार) थेट इंटरनेटला उघडू नका. व्हीपीएन (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायचा सुरक्षित खाजगी रस्ता) लावा, टेलस्केल नावाचं व्हीपीएन घरच्या वापराला फुकट आहे आणि राउटरमध्ये सहसा काही बदलावं लागत नाही.